मे महिन्यातला चिखल

टेंभुर्णीच्या आसपास कुणाची गाय चारा खाईना, की माणसं आधी घरचा पाला देऊन बघतात, मग शेजाऱ्याचं ऐकून बघतात, आणि सगळं करून थकली की डॉक्टर प्रीतीला फोन लावतात. एवढा उशीर का केला म्हणून ती फोनवरच दोन शब्द सुनावते, आणि सुनावता सुनावताच पायात बूट घालत असते. तिचा नवरा नागसेन जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शाळेतली पोरं मास्तरला भीत नाहीत आणि मास्तर बायकोला भितो, असं गावात गमतीनं म्हणतात. त्यातलं दुसरं खरं नव्हतं. त्याला तिचा अभिमान होता, आणि बायकोचा अभिमान वाटणारा माणूस चारचौघांत जरा गप्पच असतो. लोकांना दोन्ही सारखंच दिसतं.

प्रीती परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकून आली तेव्हा तिची अंगकाठी बघून लोक हसले होते. ही चिपाडासारखी बाई म्हशीला काय आवरणार, असं पारावर बोललं गेलं. मग एका अडलेल्या गाईचं वासरू तिनं खांद्यापर्यंत हात घालून आतल्या आत फिरवलं आणि जिवंत बाहेर काढलं. ते बघायला अर्धं गाव गोठ्याच्या कुडावर चढलं होतं. त्या दिवसापासून पारावरचं बोलणं बंद झालं आणि फोन सुरू झाले. स्कूटीवर औषधांची पेटी बांधून ती ऊन म्हणू नये, थंडी म्हणू नये, अशी फिरायची. पण पाऊस मात्र म्हणावाच लागायचा. इथली माती काळी, कपाशीला आणि सोयाबीनला आईसारखी, पण भिजली की चाकाची वैरीण. चाक आणि मडगार्डच्या मध्ये ती अशी भरते, की गाडी ढकलायची म्हटली तरी ढकलत नाही.

गेल्या श्रावणात याच मातीनं तिचा घात केला. टेंभुर्णीपासून एक पाणंद, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी कच्ची गाडीवाट, बोरीच्या नाल्यापर्यंत जाते आणि नाल्यापलीकडं एक लहानशी वस्ती आहे. तिथं सोनूबाई राहते. नवरा वारलेला, मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, घरी सून दैवशाला, एक म्हैस आणि मोसंबीची बाग. ती म्हैस अडली. दैवशालाचा फोन आला तेव्हा भरदुपार होती आणि नाल्याला पाणी गुडघ्याएवढंच होतं. प्रीती तडक निघाली. पाणंदीत थोडं आत गेली आणि स्कूटीची चाकं भरली. काडीनं चिखल काढायचा, चार हात पुढं जायचं, पुन्हा उतरायचं. शेवटी गाडी बांधाला टेकवून, पेटी डोक्यावर घेऊन ती अनवाणी चालत सुटली. या सगळ्यात तास गेला. तोवर वरच्या अंगाला पाऊस होऊन नाला छातीपर्यंत आला होता. ती तरीही उतरली आणि पलीकडं गेली. पोचली तेव्हा रेडकू आतच मेलं होतं, आणि थोड्या वेळानं म्हैसही गेली. प्रीती गोठ्याच्या दारात चिखलात बसून लहान पोरीसारखी रडली. सोनूबाई तिला चांगलं बोलली नाही आणि वाईटही बोलली नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रीती घरी येऊन म्हणाली. त्यानंतर उरलेल्या पावसाळ्यात नाल्यापलीकडून तिला एकही फोन आला नाही. हिवाळा लागल्यावर वस्तीवरची माणसं आपली जनावरं हाकत स्वतःच टेंभुर्णीला यायला लागली, पण तिला तिकडं कुणी बोलावलं नाही. सोनूबाई तर फिरकलीच नाही. प्रीतीलाही त्या बाजूला जायला तोंड नव्हतं. ज्या बाईच्या नाकावर सदा राग असायचा, ती फोनवर मऊ बोलायला लागली. घरातलं कुणी आजारी पडावं तशी काळजी नागसेनला त्या मऊपणाची वाटली.

मग संभाजीनगरच्या एका पशुखाद्याच्या कंपनीतून नोकरीचं विचारणं आलं. पंख्याखालचं टेबल, महिन्याला पगार, पायाला चिखल नाही. मे संपायच्या आत काय ते कळवायचं होतं. नागसेननं तिला सरळ विचारलं, तुझ्या मनात काय आहे.

"पावसाळ्यात मला पोचता येत न्हाई," प्रीती म्हणाली. "म्हंजे मी अर्ध्या वर्षाची डॉक्टर. वस्तीवरच्या लोकांनी मला सोडलं, ते बराबरच केलं. उद्या बाकीचेबी सोडतील. त्याच्या आधी आपणच गेलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुटीत नागसेननं मोबाईलवर जुन्या जीपगाड्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. आपल्याकडं गाडी कुठल्या कंपनीची, याला फार महत्त्व नाही. उंच असली, चौकोनी असली आणि खड्ड्यातून गेल्यावर पोटाला घासली नाही, की ती जीप. रोज दवाखान्याच्या फेऱ्या करील आणि गरज पडली तर शेतात शिरेल, अशी एखादी वापरलेली जीप घ्यायची, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, असं त्याचं ठरलं. नवी घेणं झेपणारं नव्हतं. जुनी घ्यायची तर पारख पाहिजे. नागसेननं इतके व्हिडिओ पाहिले, की गिअरबॉक्सवर तो चांगलं तासभर बोलू शकला असता. फक्त त्यानं आजवर मोटारसायकलीपलीकडं काही चालवलं नव्हतं. गाडी प्रीतीला येत होती. परभणीला असताना कॉलेजच्या जीपवर ती शिकली होती.

पारखीला तिसरा माणूस होता तो नागसेनचा बाप, अण्णासाहेब. या माणसानं जन्मभर बैलांवर शेती केली. भोकरदनचा बाजार, देऊळगाव राजाचा बाजार, कुठंही बैल घ्यायचा असला की जातपात विसरून लोक अण्णासाहेबाला बरोबर न्यायचे. जीपसुद्धा बैलासारखीच घ्यायची, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. नागसेननं समजावून पाहिलं, की बाबा, त्याला इंजिन असतंय. अण्णासाहेब म्हणाले, बैलालाबी असतंय. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

नवल असं, की त्यांचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी लागू पडलं. बैल विकणारा बाजाराच्या दिवशी शिंगांना तेल चोपडतो, गूळ खाऊ घालतो, आणि पाय धरलेला बैल असला तर गिऱ्हाईक यायच्या आत चालवून मोकळा करून ठेवतो. जालन्याला एका गाडीबाजारात त्यांना एक लाल जीप दाखवली. ती नवरीसारखी चमकत होती आणि आत उदबत्तीचा वास होता. नागसेन बघताक्षणी भुलला. प्रीतीनं नुसता तळहात बॉनेटवर ठेवला, गाईचा ताप बघताना कानाला हात लावते तसा. गाडी सावलीत होती, तरी बॉनेट गरम होतं. गाडी सकाळपासून जागची हललेली नाही, असं विकणारा नुकताच सांगून चुकला होता. थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, म्हणून त्यानं ते आधीच तापवून ठेवलं होतं. प्रीतीनं नमस्कार केला आणि बाहेर पडली.

भोकरदनच्या बाजूला राधेश्याम नावाच्या ठेकेदाराची एक मजबूत गाडी मिळाली. इंजिन चांगलं, पत्रा चांगला, राधेश्यामचं बोलणं तर त्याहून चांगलं. प्रीतीनं सीटचा पट्टा ओढला, तो मुळापर्यंत ओढत नेला, आणि आतल्या टोकाला वाळलेला गाळ निघाला. गाडी कधीतरी पुरात बुडली होती. राधेश्यामनं त्यालाही एक कारण सांगितलं, आणि ते कारण इतकं सुंदर होतं की नागसेनला त्याच्याबद्दल आदरच वाटला. परतताना एसटीत अण्णासाहेब म्हणाले, की हा माणूस बैलांच्या धंद्यात असता तर लई मोठा झाला असता.

मे निम्मा सरला तरी गाडी मिळेना. प्रीतीनं कंपनीला होकार लिहायला घेतला आणि दोनदा खोडला. तेवढ्यात जाफराबादच्या अलीकडं राहणाऱ्या रामराव पाटलांची जीप निघणार असल्याचं कळलं. रामराव मोठे जमीनदार, सत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले. पुण्याच्या मुलानं त्यांना क्लच नसलेली नवी गाडी पाठवली होती आणि जुनी फुंकून टाका म्हणून सांगितलं होतं. फुंकून टाकायला ती काय कडबा आहे का, असं म्हणत म्हाताऱ्यानं ती वर्षभर गोठ्यातच ठेवली होती. बैलांच्या शेजारी, सावलीत. अण्णासाहेबाला तिथंच ती पसंत पडली.

जीप पांढरी होती, पण तिच्यावर पिवळसर झाक आली होती. एका दाराला पोचा होता आणि रामरावांनी तो झाकला नव्हता. इंजिन थंड होतं, कुरकुरलं आणि मग सुरू झालं. प्रीतीनं खाली झोपून पोटाखाली पाहिलं, पट्टे ओढले, सगळं केलं. रामराव खाटेवर बसून बघत होते आणि मधेच सुनेला चहाचं सांगत होते. किमतीचं बोलणं चहा संपायच्या आत मिटलं. पण अण्णासाहेब उठायला तयार नव्हते.

"पाटील, एक राह्यलं," ते म्हणाले. "जनावर आमच्या मातीत जुंपून बघू. मंग हात मारू."

इकडची ती जुनी रीत. विकणाऱ्याच्या वावरात कुठलाही बैल चालतो, कारण ती माती त्याच्या ओळखीची असते. म्हणून घेणारा बैल आपल्या शिवारात नेतो, आपल्या नांगराला जुंपतो आणि दिवस मावळायच्या आत हो किंवा नाही सांगतो. विकणाऱ्यानं बरोबर यायचं, पण कासऱ्याला हात लावायचा नाही आणि तोंडानं एक शब्द सांगायचा नाही. विकत्या जिभेचा जोर बैलाला मिळता कामा नये. रामराव हे ऐकून खुलले. आजकालच्या कुणी ही रीत त्यांच्यापाशी काढली नव्हती. परवा सकाळी येतो म्हणाले.

घरी आल्यावर नागसेनला यातली चूक दिसली. ही रीत नांगरणीच्या दिवसांतली. मे महिन्यात शिवारात भेगा पडलेल्या. बोरीची पाणंद या दिवसांत डांबरी रस्त्यासारखी टणक. तिच्यावरून लहान पोराची तीनचाकी सायकलसुद्धा गेली असती. ज्या चिखलासाठी जीप घ्यायची, तो चिखलच नाही, तर जुंपून बघणार काय? आणि पाणंदीत ओतायला पाणी कुठून आणणार? गावात टँकर सुरू होता, दोन हंड्यांवरून बायका भांडत होत्या. अण्णासाहेब डोकं खाजवत म्हणाले, की आपण दोन बादल्या टाकू. प्रीती कित्येक दिवसांनी हसली. पण संध्याकाळी अण्णासाहेब नाल्यापलीकडं वस्तीवर जाऊन आले. परवा सकाळी जीप यायची आहे, शेळ्या-करडं बांधून ठेवा, एवढं सांगायला. सोनूबाईनं विचारलं, कशाची जीप. यांनी सांगितलं. चिखल नाही म्हणून अडचण आहे, तेही बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं.

ठरल्या सकाळी रामराव दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतःच जीप चालवत आले आणि किल्ली प्रीतीच्या हातात देऊन मागं जाऊन बसले. पुढं नागसेन, मागं रामरावांशेजारी अण्णासाहेब. गावाबाहेर पडून पाणंदीला वळले आणि प्रीतीनं करकचून ब्रेक लावला. पुढं पाणंद काळीभोर होती. या बांधापासून त्या बांधापर्यंत पाणी जिरून माती फुगली होती, जागोजागी साचलेलं पाणी चमकत होतं, आणि दोन बगळे कुठूनसे येऊन त्यात उभे होते. चारी बाजूंनी रखरखीत शिवार आणि मधोमध ही श्रावणातली पाणंद.

कुणाचा तरी पाईप फुटला, असं रामराव म्हणाले, आणि आपण बोलायचं नाही हे आठवून त्यांनी तोंडावर हात ठेवला. खाली उतरून ते बांधावर बाभळीच्या सावलीत जाऊन बसले. अण्णासाहेबही त्यांच्या शेजारी बसले. समोरच्या अंगाला, नाल्याच्या काठावर, वस्तीवरची पाच-सहा माणसं उभी दिसत होती. त्या लोकांसमोर, त्याच पाणंदीत, पुन्हा अडकायचं प्रीतीच्या जिवावर आलं होतं.

"नको जाऊ," नागसेन म्हणाला. "वळवू आपण."

तिनं जीप चिखलात घातली.

निम्म्या वाटेपर्यंत गाडी बरी गेली. मग मागचा भाग एकदम बसला. प्रीतीनं जोर दिला तशी मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करायला लागली आणि चिखल काचेवर उडाला. चारही चाकांचा दांडा तिनं कधीच ओढला होता, तरी पुढची चाकं थंड. बांधावर रामराव अर्धे उठले. सांगावं तर रीत मोडते, न सांगावं तर जीव जातो, अशी त्यांची दशा झाली. अण्णासाहेबांनी त्यांचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं.

इथं आपल्या मास्तरचे व्हिडिओ फळाला आले. जुन्या जीपमध्ये नुसता आतला दांडा ओढून भागत नाही. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती असते, ती हातानं फिरवावी लागते, तेव्हा पुढची चाकं कामाला लागतात. हे नागसेनला आठवलं. शाळेतल्या इस्त्रीच्या पँटीसकट तो घोट्यापेक्षा वर चिखलात उतरला, वाकला, चाचपून एक चकती फिरवली, पलीकडं जाऊन दुसरी फिरवली आणि वर बघितलं. प्रीती त्याच्याकडं बघत होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनं त्याच्याकडं इतकं कौतुकानं बघितलं नसेल, असं त्याला वाटलं.

आता पुढं घे, असं तो म्हणाला. पण ती स्वतः खाली उतरली. मागच्या चाकापाशी बसून तिनं कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि डोळे मिटून आतलं चाचपलं. पुढं कडक कड होती, मागं वाट मोकळी होती.

"अडलेलं वासरू ओढायचं नसतंय," ती म्हणाली. "आधी मागं सारायचं. जागा झाली की मंग पुढं."

तिनं जीप हळूहळू मागं घेतली, आपल्याच चाकोरीतून, चाक अजिबात न भिरभिरवता. मग पहिला गिअर, पाय हलका, आणि एका संथ ओढीनं ती त्या खड्ड्याच्या बाजूनं वर आली. एकदा डावीकडं घसरली, सावरली, आणि गुरगुरत पाणंदीच्या टोकाला नाल्याच्या कोरड्या दगडांवर जाऊन उभी राहिली. बगळे उडून गेले. वस्तीवरच्या माणसांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, पण एकानं टोपी काढून पुन्हा घातली. नागसेन चिखलातून तिच्या मागं धावत आला. त्याचा एक बूट आत राहिला होता.

बांधावर अण्णासाहेबांनी रामरावांच्या हातावर हात मारला. सौदा झाला.

प्रीतीला मात्र सौद्याचं भान नव्हतं. ती खाली बघत होती. पाणंदीच्या या टोकापासून एक काळा पाईप निघाला होता, नाल्याच्या कोरड्या दगडांवरून आडवा गेला होता आणि पलीकडच्या काठावर चढला होता. एक पाईप नव्हता तो; वेगवेगळ्या घरांचे, वेगवेगळ्या जाडीचे तुकडे एकाला एक जोडून, सांध्यांना ट्यूबच्या रबरी पट्ट्या आवळून बांधलेले. ती पाईपच्या कडेनं चालायला लागली. नागसेन एका बुटानं लंगडत मागोमाग गेला. पाईप वस्तीच्या मागून मोसंबीच्या बागेत शिरला आणि सोनूबाईच्या शेततळ्याशी जाऊन थांबला.

शेततळ्यात अंथरलेली प्लास्टिकची पन्नी जवळजवळ तळापर्यंत उघडी पडली होती. सोनूबाई मोटारीच्या पेटीपाशी उभी होती. तिनं बटण दाबून मोटार बंद केली. बागेतली झाडं दुपारच्या आधीच पानं गोळा करून उभी होती. कुठल्या झाडाखाली ओल नव्हती.

प्रीतीचा मऊपणा एका क्षणात गेला. मोसंबीचं पाणी तुम्ही रस्त्यावर ओतलं, या उन्हात, फळं झाडावर असताना, असं ती जवळजवळ ओरडलीच. तुम्हाला काही कळतं का मावशी, झाडं गळतील. नागसेनला इतका आनंद झाला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची बायको पुन्हा रागावत होती.

सोनूबाईनं तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"मोसंबीला पाण्याची पाळी उशिरा भेटली तर चार फळं गळतील," ती म्हणाली. "झाड मरत न्हाई. तुला उशीर झाला तर काय व्हतंय, ते आपण दोघींनी बघितलंय."

मग प्रीतीनं इतके महिने गिळलेलं विचारलं. एवढं होतं, तर मला बोलावणं का बंद केलं.

"मंग काय करावं?" सोनूबाई म्हणाली. "मी काठावरच उभी व्हते त्या दिवशी. नाल्यात तुझं नुसतं डोकं अन् ती पेटी दिसून राह्यली व्हती. म्हैस गेली, तिचं दुख व्हतंच. पण म्हशीपायी लोकाचं लेकरू वाहून गेलं असतं, तर मी अण्णासाहेबाला काय तोंड दाखवलं असतं? समद्यांना सांगितलं, पावसात तिला फोन करायचा न्हाई. वाट वाळली की जनावर आपणच तिच्याकडं न्यायचं. ही बया न्हाई म्हणणार न्हाई, येईल. जनावर गेलं तर जाऊ द्या."

नागसेन मागं सरकून बांधावर बसला. इतके महिने ज्या गोष्टीनं घर पोखरलं होतं, ती अशी होती. वस्तीनं डॉक्टरणीला सोडलं नव्हतं. सगळ्या वस्तीनं मिळून तिला जपलं होतं, आणि तिला ते सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याला राग आला, हसू आलं आणि या माणसांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. यातलं त्यानं काहीच केलं नाही.

सोनूबाईनं प्रीतीचा चिखलानं माखलेला हात धरला आणि तिला गोठ्यात नेलं. आत एक नवी म्हैस बांधलेली होती, तरणी, काळीभोर, पोट खाली ओघळलेली. दैवशाला तिच्यापुढं चारा टाकत होती. दिवाळीनंतर घेतली, सोनूबाई म्हणाली, तुला सांगायचा धीर झाला न्हाई. पोळ्याच्या आगंमागं व्याईल. बराबर पावसात.

"लोकं म्हणत्यात, तू शहरात नोकरीला चाललीस," ती पुढं म्हणाली. "चांगलं हाय. जा. पण जाणार असशील तर आत्ताच सांग, पोरी. मंग मी हिला ठिवत न्हाई. येत्या बाजाराला इकून टाकते."

प्रीती म्हशीच्या उजव्या बाजूला गेली. कुशीवर मूठ ठेवून तिनं हलकेच आत दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, आणि हाताला येणाऱ्या हालचालीची वाट बघत उभी राहिली. ती आली. तिनं हात काढला नाही.

"विकू नका मावशी," ती म्हणाली. "मी इथंच हाय."